संगणक विभागातील प्राध्यापिकेचे तिसरे काम

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

प्रवेशाच्या दिवसांत नाशिकच्या कॉलेज रोडवर आणि गंगापूर रोडवर पालकांची जी गर्दी होते, तिच्यात मुलींचे आईवडील अलीकडे मोठ्या संख्येने दिसतात, आणि त्यांच्या चौकशीत संगणक अभियांत्रिकी, बीसीएस, बीसीए ही नावे सर्वांत आधी येतात. राज्य शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. त्यामुळे दिंडोरी, निफाड, सिन्नरच्या अनेक घरांत मुलीच्या अशा पदवीचा विचार आता खर्चाच्या धाकाशिवाय होऊ शकतो. हा निर्णय चांगला आहे आणि त्याचे मी मनापासून स्वागत करते. परंतु या मुली वर्गात येऊन बसल्यावर त्यांना कोण शिकवणार, शिकवणाऱ्या स्त्रीची स्वतःची स्थिती काय असणार, आणि या मुलींपैकी एखादीला पुढे विद्यापीठातच राहून संशोधन व अध्यापन करावेसे वाटले तर ती वाट कितपत चालण्यासारखी आहे, याची चर्चा आपल्या शहरात फारशी होत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली एक प्राध्यापिका म्हणून मला त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

संगणकशास्त्राच्या प्राध्यापिकेच्या वाट्याला तीन कामे येतात. एक संशोधन, दुसरे अध्यापन, आणि तिसरे म्हणजे मागून येणाऱ्या मुलींना आणि बरोबरीच्या स्त्री सहकाऱ्यांना या क्षेत्रात टिकवून धरणे. पहिल्या दोन कामांची नोंद होते, त्यांवर वेतनश्रेणी आणि पदोन्नती ठरते. तिसरे काम तिने आपणहून, उरलेल्या वेळात, चांगुलपणा म्हणून करावे असे गृहीत धरले जाते. उरलेला वेळ असा कुठे नसतोच, म्हणून ते काम संशोधनाच्या वेळातून कापले जाते, आणि काही वर्षांनी त्याच बाईंना ‘तुमचे संशोधन कमी पडते’ असे सांगितले जाते. हे तिसरे काम विद्यापीठाने आणि महाविद्यालयांनी कार्यभारात व पदोन्नतीत मोजावे, अशी माझी मागणी आहे.

ही तिन्ही कामे एका आयुष्यात किती उंचीची होऊ शकतात, हे पाहायचे तर केंब्रिज विद्यापीठातील केरेन स्पार्क जोन्स (१९३५–२००७) यांची कारकीर्द पाहावी. त्यांनी आधी इतिहासाचा आणि नंतर तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला, काही काळ शाळेत शिकवले, आणि मार्गारेट मास्टरमन यांच्या भाषा-संशोधन गटातून त्या संगणकाकडे आल्या. यंत्राला शब्दांचे अर्थ कसे हाताळता येतील, हा प्रश्न त्यांनी १९६४ मध्ये पूर्ण केलेल्या प्रबंधातच घेतला होता. १९७२ मध्ये त्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एखादा शब्द संग्रहातल्या जितक्या जास्त मजकुरांत येतो, तितके शोधाच्या वेळी त्याचे वजन कमी धरावे, आणि जो मोजक्याच मजकुरांत येतो त्याला जास्त वजन द्यावे, हे सूत्र त्यांनी त्यात मांडले. आपल्याच दैनिकाच्या नाशिक आवृत्तीच्या जुन्या अंकांत कोणी ‘नाशिक द्राक्ष भुरी’ असे शोधले, तर ‘नाशिक’ हा शब्द जवळजवळ प्रत्येक बातमीत सापडेल, ‘द्राक्ष’ पुष्कळ बातम्यांत सापडेल, पण द्राक्षावरील भुरी रोगाची माहिती देणाऱ्या बातम्या थोड्याच असतील. यंत्राने त्या थोड्या बातम्या वर आणायच्या असतील तर ‘भुरी’ या शब्दाला जास्त वजन द्यायला हवे. ऐकायला साधी वाटणारी ही कल्पना पुढे माहिती शोधण्याच्या तंत्राचा पाया ठरली आणि शोधयंत्रांच्या जडणघडणीत ती खोलवर रुजली आहे.

हे संशोधन करणाऱ्या विदुषीने कारकिर्दीचा मोठा भाग ठरावीक मुदतीच्या निधीवर काढला. एक प्रकल्प संपत आला की दुसऱ्याच्या पैशांची तजवीज करायची, असे ते जगणे होते. प्राध्यापकपद त्यांना १९९९ मध्ये, साठी ओलांडल्यावर मिळाले, आणि २००२ मध्ये त्या निवृत्त झाल्या. या सगळ्या काळात त्या भाषा-संस्करण (संगणकाकडून माणसांची भाषा हाताळून घेणे) आणि माहितीशोध हे विषय शिकवत होत्या, पीएच.डी.चे विद्यार्थी घडवत होत्या, आणि संगणनाच्या क्षेत्रात अधिक स्त्रिया आल्या पाहिजेत हे जाहीरपणे सांगत होत्या. संगणन हे इतके महत्त्वाचे आहे की ते केवळ पुरुषांवर सोडून चालणार नाही, हे त्यांचे वाक्य प्रसिद्ध आहे. त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. स्त्रियांना नोकऱ्या मिळाव्यात एवढ्यापुरता तो नाही. ज्या यंत्रांवर सगळ्या समाजाचे व्यवहार चालणार, ती कोणी घडवायची, असा तो प्रश्न आहे.

आपल्याकडेही अशा वाटेवर चाललेल्या स्त्रिया होत्या आणि आहेत. कमला सोहोनी यांना १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्यांनी हट्ट सोडला नाही, तेव्हा अटी घालून आणि वर्षभर काम पारखण्याच्या बोलीवर तो दिला गेला. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या परतल्या, पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी शिकवले, संशोधन केले आणि त्या संस्थेच्या संचालकही झाल्या. त्यांचा विषय जीवरसायनशास्त्र होता, पण एका स्त्रीचे काम पाहून संस्थेचे दार पुढच्या मुलींसाठी उघडते, हे मराठी वाचकांना त्यांच्यामुळे माहीत आहे. संगणकशास्त्रात आयआयटी मुंबईच्या प्रा. सुनीता सरवगी यांना डेटाबेस, डेटा मायनिंग, मशीन लर्निंग आणि भाषा-संस्करण या विषयांतील संशोधनासाठी २०१९ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. पवईची ही संस्था नाशिकहून काही तासांच्या अंतरावर आहे, तरीही आपल्या महाविद्यालयांतील मुलींना हे नाव क्वचितच सांगितले जाते.

आता नाशिकची स्थिती पाहू. आपल्याकडे बीसीएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम बहुतेक महाविद्यालयांत विनाअनुदानित तत्त्वावर चालतात. इमारत अनुदानित महाविद्यालयाची, वर्ग विद्यार्थ्यांनी भरलेला, पण शिकवणाऱ्याचा पगार संस्थेने ठरवलेला, असा हा प्रकार आहे. या विभागांत शिकवणाऱ्यांत स्त्रिया पुष्कळ असतात. एमएस्सी किंवा एमसीए झालेल्या, नेट किंवा सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कितीतरी मुली वर्षानुवर्षे करारावर किंवा तासिका तत्त्वावर काम करताना मी पाहिल्या आहेत. तासिका तत्त्वावर तास घेतला तर मानधन, नाही घेतला तर नाही. माझ्या पाहण्यातल्या अशा शिक्षिकांना सुट्टीचे, आजारपणाचे आणि बाळंतपणाचे दिवस बिनपगारीच गेले. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा दिली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली, हे खरे. पण जिचे नाव हजेरीपटावर कायमस्वरूपी नाही, ती हा कायदा घेऊन प्राचार्यांच्या दालनात जाण्याचे धाडस सहसा करत नाही, कारण पुढच्या जूनमध्ये आपल्याला पुन्हा बोलावतील की नाही हे तिला ठाऊक नसते.

पीएच.डी.च्या बाबतीत नियम उदार आहेत, हे आवर्जून सांगितले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.ची कमाल मुदत ६ वर्षांची आहे, स्त्रियांना आणखी २ वर्षांची सवलत मिळू शकते, आणि संपूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते. मात्र पीएच.डी. करणाऱ्या शिक्षिकेला केवळ मुदत वाढवून देऊन भागत नाही, तिला रोजच्या दिवसात काही तास मोकळे लागतात. ज्यांना मार्गदर्शक किंवा संशोधन केंद्र पुण्यातच मिळते, त्यांना कोर्सवर्कसाठी, म्हणजे पीएच.डी.साठी आवश्यक अभ्यासक्रमासाठी, आणि दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडण्यासाठी तिकडे जावे लागते. नाशिक-पुणे अंतर रस्त्याने सुमारे २१० किलोमीटर आहे आणि दोन्ही शहरांना थेट जोडणारा लोहमार्ग अजून नाही. पहाटेच्या एसटीने जाऊन रात्री परतायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला प्रॅक्टिकलची बॅच घ्यायची, हे लहान मूल असलेल्या बाईने किती वर्षे करावे? विद्यापीठाचे उपकेंद्र नाशिकमध्ये आहे. संगणकशास्त्राचे कोर्सवर्क आणि सल्लागार समितीच्या बैठका तेथे घेतल्या तर यासाठी नव्या कायद्याची गरज पडणार नाही.

अध्यापनाविषयी थोडे अधिक लिहिते, कारण तिसऱ्या कामाचा उगम तिथेच आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ मध्ये संगणकशास्त्राच्या पदवीला प्रवेश घेणाऱ्यांत मुली ७ टक्के होत्या, २००० मध्ये त्या ४२ टक्के झाल्या. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी तिथल्या विद्यार्थ्यांशी सविस्तर बोलून अडचण कुठे आहे ते शोधले होते. लहानपणापासून घरच्या संगणकावर बसलेली मुले पहिल्याच तासापासून आत्मविश्वासाने बोलत, आणि मुलींना वाटे की हे आपल्याला जमण्यातले नाही, जरी त्या अभ्यासात कमी नव्हत्या. तेव्हा प्रवेशात आधीच्या प्रोग्रॅमिंगच्या अनुभवाला असलेले महत्त्व कमी केले गेले, अनुभव नसलेल्यांसाठी सुरुवातीचे अभ्यासक्रम वेगळे आखले गेले, आणि लेनोर ब्लम यांनी १९९९ पासून तिथे विद्यार्थिनींना व प्राध्यापिकांना जोडणारी व्यवस्था उभी केली.

आपल्याकडची अडचण याहून वेगळी आहे. आपल्या वर्गात मुली भरपूर असतात, निकालातही पुढे असतात. पण प्रयोगशाळेत डोळे उघडे ठेवून उभे राहिले तर वेगळेच दिसते. एका संगणकावर तिघांची बॅच बसवली की कळफलक बहुतेक वेळा मुलाच्या हाती जातो, मुलगी शेजारी बसून जर्नलमध्ये आउटपुट लिहून घेते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये कोड एकाने लिहायचा, आणि रिपोर्ट व सादरीकरण मुलींनी करायचे, अशी वाटणी गट स्वतःच करून टाकतो. तोंडी परीक्षेत मुलगी उत्तर बरोबर देते, गुण चांगले मिळतात, आणि तीन वर्षांत तिने स्वतःच्या हाताने एकही मोठा प्रोग्रॅम उभा केलेला नसतो हे गुणपत्रिकेत कुठेच येत नाही. सुरगाणा, पेठ, कळवण या भागांतून मराठी माध्यमातून आलेल्या मुलीच्या घरी संगणक नसेल, तर तिची प्रयोगशाळेतली दोन तासांची बॅच हाच तिचा सगळा सराव असतो, आणि तोही तिच्या हातून निसटतो. यावर उपाय अवघड नाहीत. दर पंधरा मिनिटांनी कळफलकावरची व्यक्ती बदलायची, प्रोजेक्टमध्ये प्रत्येकाने लिहिलेला कोड स्वतंत्र तपासायचा, ज्यांना अजिबात अनुभव नाही त्यांची पहिल्या सत्रात निराळी बॅच करायची, आणि प्रयोगशाळा सायंकाळी गावाकडच्या शेवटच्या गाडीच्या वेळेपर्यंत उघडी ठेवायची. पण प्रत्येक उपायाला शिक्षकाचा जादा वेळ लागतो, आणि तो बहुधा विभागातली एखादी बाई देते.

वर्गाबाहेरचे काम त्याहून मोठे आहे. कॅम्पसमध्ये निवड झालेल्या मुलीच्या वडिलांना हिंजवडीतल्या वसतिगृहाविषयी, रात्रपाळीविषयी, परतीच्या वाहनाविषयी शांतपणे माहिती द्यावी लागते. दुसऱ्या वर्षात लग्न ठरलेल्या मुलीच्या घरी, निदान परीक्षेपर्यंत थांबा, असे सांगायला जावे लागते. पदवीनंतर घरी बसलेल्या हुशार मुलीला, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ याच नाशिकमध्ये आहे आणि तिथून पुढचे शिक्षण सुरू करता येते, हे समजावावे लागते. संशोधनात खंड पडलेल्या स्त्रियांसाठी केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण ही योजना आहे, तिचा अर्ज कसा करायचा हे तरुण सहकारिणीला सांगावे लागते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार नेमलेल्या अंतर्गत तक्रार समितीवर तर बाई लागतेच, आणि संगणक विभागात कायम नोकरीतली बाई एकच असेल तर ती दरवर्षी त्याच समितीवर असते. हे काम कष्टाचे आहे, त्यात मनस्ताप आहे, आणि ते नीट केले नाही तर ज्या मुलींसाठी शासनाने शुल्क माफ केले त्या अर्ध्या वाटेवरून परत जातात.

पदोन्नतीचे नियम या कामाकडे कसे पाहतात? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत सहायक प्राध्यापकासाठी आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन धरले आहे. पदोन्नतीच्या मूल्यमापनात अध्यापनाशिवाय जे काम पाहिले जाते, त्यात परीक्षेचे काम, प्रशासकीय जबाबदारी, परिसंवादांचे आयोजन, संशोधन प्रकल्प यांच्या बरोबरीने विद्यार्थ्यांशी संबंधित उपक्रमांची एक बाब आहे, आणि तिच्यात अभ्याससहलीपासून सांस्कृतिक कार्यक्रमांपर्यंत व करिअर मार्गदर्शनापर्यंत सर्व काही एकत्र ठेवले आहे. एक दिवसाची सहल नेलेला शिक्षक आणि एका मुलीला प्रथम वर्षापासून पीएच.डी.च्या नोंदणीपर्यंत साथ देणारी शिक्षिका यांची नोंद एकाच रकान्यात होते. ती सहल कमी मोलाची आहे असे मला म्हणायचे नाही. पण इतक्या भिन्न कामांना एकच माप लावले की मोठे काम करणाऱ्याला ते करण्याचे कारण उरत नाही, आणि हुशार तरुण प्राध्यापिका ते टाळायला शिकतात. तसे करण्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही.

म्हणून माझे विद्यापीठाला आणि नाशिकच्या शिक्षणसंस्थांना सांगणे आहे की संगणक विभागातील विद्यार्थिनी-मार्गदर्शनाचे काम ज्या शिक्षकाकडे असेल, मग ती स्त्री असो वा पुरुष, त्याच्या आठवड्याच्या कार्यभारातून त्यासाठी ठरावीक तास वजा करावेत. हे तास कागदावर असले तरच त्या कामाचा हिशेब मागता येईल: किती मुलींनी स्वतंत्र प्रोजेक्ट केला, किती मुलींचे शिक्षण मध्येच सुटले आणि का, किती जणी एमएस्सीला किंवा पीएच.डी.ला गेल्या. तो हिशेब विद्या परिषदेपुढे जावा. पुरुष सहकाऱ्यांना यातून वगळू नये. माझ्या विभागातल्या काही पुरुष सहकाऱ्यांनी हे काम माझ्याइतक्याच तळमळीने केले आहे, आणि मुलींच्या वडिलांची समजूत घालताना त्यांच्या शब्दाचा उपयोगही अधिक झाला आहे. विद्यापीठाच्या परिपत्रकाने एवढे सहज होण्यासारखे आहे. करारावरच्या व तासिका तत्त्वावरच्या शिक्षिकांना कायम करणे हा मोठा आणि खर्चाचा विषय आहे हे मी जाणते, परंतु जी व्यक्ती एका विभागात सलग अनेक वर्षे शिकवते आहे, तिला निदान पूर्ण वर्षाची नेमणूक, सुट्टीतले वेतन आणि प्रसूती रजा देणे या शहरातल्या मोठ्या संस्थांना अशक्य नाही.

आपल्याला, संपादक महोदय, एक विनंती आहे. प्रवेशाच्या काळात दैनिकांतून महाविद्यालयांविषयीच्या पुरवण्या निघतात आणि त्यांत इमारती, संगणकांची संख्या, नोकरी देणाऱ्या कंपन्यांची नावे आणि सर्वाधिक पगाराचा आकडा छापला जातो. पुढच्या वेळी आपल्या प्रतिनिधींनी प्रत्येक संगणक विभागाला आणखी काही प्रश्न विचारावेत. विभागात शिकवणाऱ्या स्त्रिया किती, त्यांपैकी कायम नोकरीत किती, पीएच.डी.च्या मान्यताप्राप्त मार्गदर्शक किती, आणि तासिका तत्त्वावर असलेली सर्वांत जुनी शिक्षिका किती वर्षांपासून त्याच तत्त्वावर आहे. मिळतील ती उत्तरे आणि जिथे उत्तर मिळाले नाही तिथे तसा उल्लेख, असे दोन्ही छापावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका (संगणकशास्त्र)
गंगापूर रोड, नाशिक